दात कोण खातंय?

झोपेत आपण काय करतो हे माणसाला स्वतःला कळत नाही, ही निसर्गाने नवरेमंडळींची केलेली सर्वांत मोठी फसवणूक आहे. जागेपणी कुणी आरोप केला, तर मी पुरावा मागतो. झोपेतल्या आरोपाला पुरावा कुठून आणायचा? तक्रारदार बायको, साक्षीदार बायको, आणि शिक्षा ठोठावणारीही बायकोच.

"अहो, तुम्ही झोपेत दात खाता," एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली.

"कुणाचे?" मी विचारलं.

"थट्टा नकोय. कर्र कर्र, कर्र कर्र. वाळूवरून लोखंडी दार सरकवल्यासारखं. दचकून जाग येते मला. सकाळी डोकं ठणकतं. हा जबडासुद्धा दुखतोय बघा."

"दात मी खातो आणि जबडा तुझा दुखतो?"

"तुमच्याशी बोलून बोलून दुखतो!"

हे उत्तर मला पटलं. ते पटायला नको होतं, कारण माझा जन्म लोकांच्या उत्तरांवर संशय घेण्यात गेला आहे. मी वजनमापे निरीक्षक होतो. बाजारात मी नुसता शिंकलो तरी दुकानदार पारडी पुसायला घ्यायचे. एक सराफ तोलताना पारड्यावर हळूच श्वास सोडायचा. मी त्याच्या नाकाला चिमटा लावून वजन करायला लावलं, तेव्हा त्या गल्लीतलं सोनं एका दिवसात हलकं झालं. एका बर्फवाल्याला मी रंगेहाथ पकडलं, पण न्यायालयात पोचेपर्यंत पुरावा वितळला. मी नुसतं ओलं पोतं दाखवून तासभर भाषण केलं. न्यायाधीशांना पडसं झालं, बर्फवाला सुटला. तर सांगायचा मुद्दा, संशय हा माझा दुर्गुण नव्हे, ती माझी नोकरी होती.

निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला एक पितळी तराजू भेट दिला. बायकोला वाटलं, शोभेची वस्तू. मी तो स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी टांगला. तेव्हापासून आमच्या घरात न तोललेली वस्तू उंबरठा ओलांडत नाही. दूध, पाव, टोमॅटो, साबणाची वडी, सगळं आधी पारड्यात, मग फडताळात. मापात पाप आपल्या घरात चालणार नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मी संमती धरलं.

या तराजूमुळेच मला सफरचंदांचं कळलं. मी आणलेली सफरचंदं घरातून नाहीशी होत होती. बायकोला तर मी सफरचंद खाताना बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. ती आपली टोस्ट चहात बुडवून, पार लगदा करून खायची. मग सफरचंदं जातात कुठे? माझा संशय भिंतीपलीकडच्या बिगुलावर होता.

बिगुल म्हणजे आमचे शेजारी. आयुष्यभर बँडमध्ये बिगुल वाजवला, म्हणून नाव बिगुल. त्यांची झोपायची खोली आणि आमची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत, तीही ठेकेदाराने चहा पिता पिता बांधल्यासारखी. बायकोने माझ्या दातांचा विषय काढायचा अवकाश, बिगुल म्हणाले, "ऐकतो ना मी! सुरात नाही तुमचं, पण लयीला पक्के आहात. चार मात्रा झाल्या की एक दम, मग पुन्हा चार. मी तर पायाने ठेका धरतो."

म्हणजे आता साक्षीदार दोन झाले. त्यातला एक सफरचंदचोर असण्याची दाट शक्यता होती, पण संख्या ती संख्या.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. बिगुल म्हणाले, झोपण्यापूर्वी तासभर फुंकवाद्य वाजवा, जबडा दमतो. कुणी म्हणालं, उशी पायाखाली घ्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर स्वतःचा रुमालच आणला. "हा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची. आमच्या आजोबांना बांधला होता."

"मग थांबलं का त्यांचं दात खाणं?"

"ते गेलेच होते हो तेव्हा."

मी रुमाल परत केला.

खरं तर मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ब्रश केला की बेसिन लाल. मला आधी टूथपेस्टवाल्याचा संशय आला, म्हणून मी ट्यूब तोलली. वजन बरोबर भरलं. मग मात्र धसका घेतला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

दातांच्या डॉक्टरांची तपासण्याची पद्धत मला संशयास्पद वाटते. ते आधी तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घालतात आणि मग प्रश्न विचारतात. आमच्या खात्यात असं केलं असतं, तर दुकानदार वरपर्यंत गेले असते.

"हिरड्या सुजल्यात," बाई म्हणाल्या. "ब्रश करता की रंधा मारता?"

"आं," मी म्हणालो.

"दात झिजल्याच्या खुणा मात्र फारशा दिसत नाहीत. वयाला शोभेल इतपतच आहेत. पण घरचे सांगतायत म्हणजे खात असाल. हे बघा, हिरडी म्हणजे जमीन, दात म्हणजे खांब. जमीन भुसभुशीत झाली आणि वरून खांब रोज कुणी गदागदा हलवला, तर तो पडणारच. आणि झोपेत दात खाणाऱ्यांच्या मनावर पुष्कळदा काहीतरी ओझं असतं. ओझ्याखाली माणूस दातांकडे बघत नाही, हिरड्या बिघडतात, त्याची पुन्हा काळजी. सगळं एकात एक अडकलेलं असतं. तुमच्या मनावर काही ओझं आहे का?"

"आं," मी म्हणालो. त्याचा अर्थ 'नाही' असा होता. बाईंनी 'आहे' असं लिहिलं.

अशा रीतीने मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, माझ्या दातांच्या साच्यावरून केलेला पारदर्शक गार्ड, झोपताना घालायचा. दोन, मनाच्या डॉक्टरांचा पत्ता.

गार्ड घालून मी पहिल्यांदा झोपलो आणि सकाळी तो उजेडात धरून पाहिला. एक ओरखडा नाही. नव्या पारड्यासारखा लखलखीत. मी विजयी मुद्रेने तो बायकोसमोर ठेवला. ती कपाळाला बाम चोळत होती.

"कालच्याइतकी करकर कधीच नव्हती," ती म्हणाली. "तुमचा गार्डच बोगस आहे. आजपासून तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा."

एवढ्या वर्षांच्या संसारानंतर, ज्या पलंगाचं लाकूड मी स्वतः ठोकून पारखून घेतलं होतं, त्या पलंगावरून मला सोफ्यावर हद्दपार करण्यात आलं. सोफा माझ्यापेक्षा आखूड आहे. पाय सोफ्याच्या हातावर ठेवावेत, की आपले हात पायावर, काही कळत नाही. वर चादर कोणती, तर पाहुण्यांची. अपमान हा असा कापडातही असतो.

आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी काय ऐकावं? "सोफ्यावरूनसुद्धा ऐकू येतं हो तुमचं! मी आपली सारखी दचकून उठते."

बिगुलांनी भिंतीपलीकडून दुजोरा दिला. "आवाज अगदी पहिल्या जागेवरूनच येतोय. तसूभर हललेला नाही."

मी सोफ्यावर, भिंत झोपायच्या खोलीची, आणि आवाज पहिल्या जागेवरून. यातून शेंबडं पोरही योग्य तो निष्कर्ष काढील. मीही काढला. बायको आणि बिगुल यांनी मिळून माझ्याविरुद्ध कट रचला आहे आणि त्याचा मोबदला सफरचंदांच्या रूपाने दिला जातो.

या मनःस्थितीत मी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या खोलीत टेबल नव्हतं. ज्या माणसाच्या समोर टेबल नाही, तो काय लपवत असेल हे सांगता येत नाही. खुर्चीशेजारी कागदी रुमालांचा डबा ठेवला होता. म्हणजे आपण रडणार, हे यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

"कशाची काळजी वाटते तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कशाचीच नाही. माझा कुणावर विश्वासच नाही, त्यामुळे कुणी फसवील ही काळजी उरत नाही."

"झोप कशी लागते?"

"आडवा झालो की गेलो. सोफ्यावरसुद्धा."

"घरी आणखी कोण असतं?"

"बायको. तिची झोप मात्र वाईट. माझ्यामुळे. दचकून उठते, डोकं धरते, जबडा दुखतो म्हणते."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे जरा रोखूनच पाहिलं. "त्यांना एकदा घेऊन याल का?"

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठे! एक गिऱ्हाईक आलं की त्याच्याकरवी दुसरं आणायचं! ही युक्ती मी एका साबणवाल्याकडे पाहिली होती. "ती ठणठणीत आहे," असं सांगून मी उठलो. निघताना कागदी रुमाल दोन जास्तीचे घेतले.

आता गार्डचा खर्च. निवृत्तांना औषधपाण्याचा खर्च देणारं एक कार्यालय आहे. तिथला कारकून माझा गार्ड दोन बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिला.

"हे आमच्याकडे खेळाच्या साहित्यात येतं," तो म्हणाला. "तुम्ही मुष्टियुद्ध खेळता का?"

"घरात चालतं थोडंफार."

"घरातलं धरत नाही. आजार म्हणून हवं असेल, तर झोपेत दात खाताना पाहिलेले दोन साक्षीदार लागतील. नात्यातले नकोत. आणि साक्ष कार्यालयीन वेळेतली पाहिजे, एरवीची आम्ही ग्राह्य धरत नाही."

"म्हणजे मी भर दुपारी झोपून दात खायचे?"

"निवृत्त आहात ना? मग तेवढं काम करा की."

एरवी मी या माणसाला कायद्याने लोळवला असता. पण ही सूचना मला आवडली. धाड घालताना आम्ही कायम दोन पंच बरोबर घ्यायचो. पंचांसमक्ष झोपायचं आणि निर्दोष सुटायचं! खर्च गेला खड्ड्यात, मला माझा पलंग परत हवा होता.

दुपारची जेवणं झाल्यावर बिगुल आणि वरच्या वहिनी पंच म्हणून आले. पलंगाशेजारी दोन खुर्च्या मांडल्या. मी गार्ड घालून, हात छातीवर ठेवून उताणा पडलो. बायकोने पंचांना चहा दिला आणि "तुमचा खेळ चालू द्या, मी जरा टेकते," म्हणून बाहेर सोफ्यावर गेली. बिचारी आदल्या रात्रीही जागली होती. माझ्यामुळेच, असं तिचं म्हणणं.

तुम्हाला म्हणून सांगतो, दोन माणसं टक लावून बघत असताना झोपणं फार कठीण. वहिनी विणता विणता म्हणाल्या, "झोपा हो, लाजू नका." बिगुल आधी घड्याळाकडे बघत, मग माझ्या हनुवटीकडे. मी मेंढ्या मोजल्या. त्यात एक मेंढी वजनाला कमी भरली, तिची चौकशी करताना होती ती झोपही उडाली.

आणि तेवढ्यात आवाज आला.

कर्र कर्र, कर्र कर्र.

बिगुलांनी बोट वर केलं. "हाच! हाच तो! मोजा, चार झाले की दम."

"अहो पण," वहिनी म्हणाल्या, "यांचं तोंड तर उघडं आहे."

माझं तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते, आणि गार्डसकट माझे सगळे दात एकमेकांपासून चांगले दूर होते. आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता. आम्ही तिघे चवड्यांवर चालत दारापर्यंत गेलो.

सोफ्यावर बायको झोपली होती. मान मागे टेकलेली, आणि जबडा जणू काही दगड दळायला घेतल्यासारखा हलत होता.

"हाफडली!" मी ओरडलो. तोंडात गार्ड असल्यामुळे 'सापडली'चं तसं झालं.

ती अशी दचकून उठली, की मांडीवरची उशी खाली पडली. "काय झालं? काय कमी भरलं?" झोपेतून उठता उठता तिने हे दोन प्रश्न विचारले. आणि तिचा चेहरा! असा चेहरा मी हजारदा पाहिला होता, पण घरात नव्हे. आम्ही दुकानात शिरलो, की गल्ल्यावरचा माणूस असाच बघायचा. ज्याचा काटा अगदी चोख असायचा, तोसुद्धा.

मी गार्ड काढून निर्दोषत्वाचं भाषण करायला उभा राहिलो होतो. तीन मुद्दे तयार होते. पण वहिनींनी ते होऊ दिलं नाही.

"पुरे!" त्या कडाडल्या. "ती सफरचंदं मला देते, कळलं? तिला चावत नाहीत. दाढ हलतेय तिची, हिरड्यांतून रक्त येतंय. तुम्हाला सांगितलं नाही, कारण घरात हिरड्या फक्त तुम्हालाच आहेत ना!"

"मला सांगायचंस," मी बायकोला म्हणालो.

"काय सांगणार?" ती जबडा चोळत म्हणाली. "दूध आलं की वाटतं, कमी तर भरणार नाही? पाव आणला की वाटतं, काय विचारतील? दूधवाला येईनासा झाला, भाजीवाली खालूनच ओरडून जाते. सगळ्यांच्या वतीने उत्तरं मीच देते दिवसभर. आणि मला खरंच वाटलं हो, आवाज तुमचाच आहे. जाग आली की शेवटचं कर्र तेवढं कानावर पडायचं. खोलीत दुसरं होतं कोण?"

बिगुलांनी हळूच चहाचे कप उचलले आणि ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवण्याचं निमित्त करून निघून गेले. मघापर्यंत मी त्यांना चोर समजत होतो.

आमच्या खात्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. दुसऱ्याच्या काट्याला हात लावण्याआधी आपल्याजवळचं वजन तपासून घे. आणि कुणी तक्रार घेऊन आलं, तर आधी त्याचाच काटा बघ. नोकरीत हे मी इमानाने पाळलं. घरी मात्र तक्रारदाराकडे नीट पाहिलंदेखील नाही.

डॉक्टरीणबाईंनी बायकोचं तोंड तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "खुणा इथे आहेत!" त्या म्हणाल्या. "हिरड्या साफ करू, गार्ड देते. पण दाढेचं आत्ताच सांगत नाही. दाबणं थांबलं तर वाचेल, नाहीतर काढावी लागेल. आणि त्यामागोमाग शेजारची."

म्हणून तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मला बाहेर बसवलं. दार बंद. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग बराच वेळ बोलणं, आणि शेवटी चक्क हसणं. बंद दाराआड आपली बायको परक्या माणसाबरोबर हसते, तेव्हा ती कुणाला हसते याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

"काय म्हणाले?" ती बाहेर आल्याबरोबर मी विचारलं.

"पुन्हा यायचंय. आणि म्हणाले, तूर्तास घरातली एक वस्तू कमी करा."

"कुठली?"

"मी विचारलं, नवरा चालेल का? तर म्हणाले, आधी तराजूवर भागतंय का बघा."

तराजू खाली उतरवताना मला कसं वाटलं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की कागदी रुमाल कामाला आले.

भंगारवाला फाटकाशी हातगाडी घेऊन उभा राहिला. बायको दारात आली. एक हात गालावर, दाढेपाशी. भंगारवाल्याने आपला ताणकाटा काढला, त्याच्या हुकाला माझा तराजू अडकवला आणि काटा उचलला. उचलताना एक पारडं त्याने गाडीच्या कडेवर अलगद टेकवून ठेवलं. इतक्या सफाईने, की दुसऱ्या कुणालाही दिसलं नसतं. म्हणजे माझा तराजू, ज्याने कधी कुणाला गुंजभर फसवलं नाही, तोच शेवटच्या घटकेला वजनात मारला जात होता, आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत!

मी तोंड उघडलं. माझ्या मागे बायकोचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. मी वळून पाहिलं. तोच तो चेहरा, सोफ्यावरचा.

मी तोंड मिटलं. घट्ट मिटलं. भंगारवाल्याने आकडा सांगितला, मी मान डोलावली.

कर्र.

भंगारवाला थबकला. "चाक करकरतंय वाटतं गाडीचं," म्हणत तो खाली वाकून बघू लागला.

कर्र कर्र.

"चाक नाही हो ते," बायको म्हणाली. तिचा हात गालावरून खाली आला होता, आणि पुष्कळ दिवसांनी ती माझ्यासमोर मोठ्याने हसत होती. "आमचे हे आहेत."

मला पलंग परत मिळाला. उशाशी आता दोन ग्लास असतात, दोघांच्या गार्डचे. तिची दाढ अजून जागेवर आहे. परवा तिने सफरचंद खाल्लं, पातळ फोडी करून का होईना, माझ्यासमोर बसून. ते किती वजनाचं होतं मला ठाऊक नाही. अंदाज आहे, पण मी बोललो नाही.

दातांच्या बाईंनी माझा गार्ड उजेडात धरला आणि त्या खूश झाल्या. "आता कशा दिसतायत खुणा! बघा, घरचे सांगत होते ते बरोबरच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "अहो, तुम्ही झोपेत दात खाता."

या वेळी मी पुरावा मागितला नाही.